सरासरीचा पूल

जगात चुका होतात त्या नीट न मोजल्यामुळे, असं मोजणीदारांचं ठाम मत होतं. आणि हे मत ते स्वतःपाशी ठेवत नसत! भाजीवाल्याला सांगत, बायकोच्या शिवणयंत्राशेजारी बसून चहा पिताना सांगत, आणि हल्ली संध्याकाळच्या कॉलेजात मागच्या बाकावरच्या पोरांनाही ऐकवत. "बावीस वर्षं नगरपालिकेत जमिनी मोजतोय! बोटभराची चूक दाखवा, टेप गळ्यात अडकवून गावभर फिरतो!"

सत्तेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ कॉलेजात काय करत होता? तर नकाशा विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी होणार होती. त्या जागेला पदवी लागत होती, आणि अठ्ठेचाळीस पूर्ण झाली की अर्ज बाद. मोजणीदारांचा अठ्ठेचाळिसावा वाढदिवस चार महिन्यांवर आला होता. बाकी सगळे विषय सुटले होते. राहिला होता एक, निबंधलेखनाचा, आणि त्यात ते दोनदा आपटले होते. ही शेवटची खेप. वीसपैकी आठ मिळाले तर पंख्याखालची खुर्ची, सात मिळाले तर निवृत्तीपर्यंत भर उन्हात टेप ओढायची.

शिकवणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्या धाकट्या बहिणीहून लहान. पण त्यांनी चष्म्यावरून नुसतं पाहिलं तरी मोजणीदार बसल्या जागी वही सरळ करत. मॅडमनी विषय दिला, गावातल्या एका जुन्या वास्तूचा इतिहास. "किमान तीन साधनं शोधा. त्यांची तुलना करा. आणि तिन्हींना एकत्र आणून तुमचा स्वतःचा निष्कर्ष मांडा. एकाचीच री ओढलेली मला चालणार नाही!"

मोजणीदारांनी नदीवरचा दगडी पूल निवडला. ग्रंथालयात दोन तासांत तीन साधनं सापडली. नगरपालिकेचा जुना अहवाल, शाळेची स्मरणिका आणि एका निवृत्त टपालमास्तरांच्या आठवणी. अहवालात पुलाचं साल होतं १९१९, स्मरणिकेत १९२६ आणि टपालमास्तर म्हणत होते १९२७.

दुसरा कोणी असता तर डोकं धरून बसला असता. मोजणीदार चक्क हसले! अहो, हे तर त्यांचं रोजचंच! एकच बांध तीनदा मोजा, तीन आकडे येतात. टेप सैल पडते, वारा असतो, डोळा चुकतो. मग काय करायचं? तिन्हींची बेरीज करायची आणि तीनने भागायचं. त्यांनी तिथल्या तिथे खिशातून पेन काढलं. उत्तर आलं १९२४. आणि बाकी शून्य! इतकं स्वच्छ उत्तर आल्यावर शंकेला जागाच उरली नाही. त्यांनी लिहून टाकलं, "सर्व साधनांचा साकल्याने विचार करता हा पूल १९२४ साली बांधून पूर्ण झाला, असे निर्विवादपणे म्हणता येते."

"हे साल कुठल्या पुस्तकात आहे?" बायकोने दोरा ओवता ओवता विचारलं.

"कुठल्याच नाही! मॅडमना स्वतःचा निष्कर्ष हवाय."

मॅडमना दोन दिवसांत साठ निबंध तपासायचे होते. पंचावन्न जणांनी एकाच पुस्तकातला मजकूर उतरवून काढला होता. त्या कंटाळलेल्या ढिगात मोजणीदारांचा निबंध हाती लागला आणि मॅडमना भरून आलं. अठरा गुण! खाली लाल अक्षरात "स्वतंत्र विचार! शाब्बास!" शिवाय निबंध कॉलेजच्या फलकावरही लागला. त्या दिवशी मोजणीदार घरी जाताना चारदा फलकासमोरून गेले.

पण त्या फलकासमोरून आणखी एक माणूस जात असे. नगरपालिकेचे मुख्य अभियंता, म्हणजे मोजणीदारांचे साहेब! कॉलेजच्या मैदानावर ते रोज चालायला येत आणि दमले की फलकापाशी थांबत. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोजणीदारांना केबिनमध्ये बोलावलं.

साहेब सहसा झापण्यासाठीच बोलावत.

"मोजणीदार! १९२४ म्हणजे पुलाची शताब्दी यंदाच की हो! आणि इतकी वर्षं कोणाला पत्ताच नाही!"

"साहेब, ते म्हणजे..."

"नगराध्यक्षा बाईंशी बोललोय मी. बेहद्द खूश आहेत. तीन आठवड्यांनी पुलावर समारंभ! दगडी पाटी बसवायची, अनावरण बाईंच्या हस्ते!"

"साहेब, साल जरा..."

"आणि भाषण तुम्ही करायचं! दहा मिनिटं! १९२४ साली नेमकं काय काय घडलं, ते लोकांना सांगायचं. तुमच्या बढतीची फाईल माझ्या टेबलावरच आहे. हा समारंभ पार पडू दे, मग बघतोच!"

मोजणीदार बाहेर आले ते घामाने चिंब होऊन. दहा मिनिटं! त्यांना १९२४ बद्दल एकच गोष्ट माहीत होती, की त्याला तीनने गुणलं की ५७७२ येतात. ते काही दहा मिनिटं पुरण्यासारखं नव्हतं!

मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, तिन्ही साधनं वाचली. आधी काय केलं होतं? अहो, आधी फक्त आकडे शोधले होते! आता ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले, आणि बोट थंड पडत गेलं. अहवाल म्हणत होता, १९१९ साली पुलाची पायाभरणी झाली. स्मरणिका सांगत होती, १९२६ साली शेवटचा दगड बसला. टपालमास्तर पहिल्या दिवशी टपालाची पिशवी घेऊन पुलावरून गेले होते आणि तो दिवस होता १९२७ मधला, वाहतूक खुली झाल्याचा. तिघांपैकी कोणीही चुकलं नव्हतं! तिघं तीन वेगळ्या गोष्टी सांगत होते. चुकला होता तो चौथा, आणि त्याचाच निबंध फलकावर लागला होता.

रात्री जेवताना त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. ती भाकरी वाढता वाढता म्हणाली,

"तीन गिऱ्हाइकांच्या कमरेची सरासरी काढून मी एक पॅंट शिवली, तर ती कोणाला होईल?"

"कोणालाच नाही," मोजणीदार पुटपुटले.

"मग? आधी विचारायचं की, ही कंबर कोणाची!"

अजून एक आशा होती. १९१९ ते १९२६ पुलाचं काम चालू होतं ना? मग मधल्या १९२४ साली एखादी कमान, गेला बाजार एखादा कठडा तरी पूर्ण झाला असेल! तेवढं मिळालं तरी भाषण रेटून नेता येईल. मोजणीदार नगरपालिकेच्या दप्तराच्या खोलीत घुसले. धुळीने शिंका देत तीन दिवस गठ्ठे उपसले आणि चौथ्या दिवशी १९२४ ची फाईल हाती आली. आत एकच कागद होता.

"मधली कमान आज सकाळी अकरा वाजता कोसळली. जीवितहानी नाही. कमानीचे माप चुकले होते. मोजणीदारास आजपासून कामावरून कमी केले आहे."

शेवटचं वाक्य वाचून त्यांनी दचकून मागे वळून पाहिलं. खोलीत कोणी नव्हतं. पण आपल्याला कोणीतरी हाक मारली, असं त्यांना घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं.

म्हणजे गाव शताब्दी साजरी करणार होतं, ती पूल पडल्याची!

ते थेट मॅडमकडे गेले. मॅडम शिक्षकांच्या खोलीत एकट्याच बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घालायचा विसरल्या.

"तुम्ही सरासरी काढलीत? सालांची?"

"तीनदा तपासून काढली, मॅडम!"

"आणि मी अठरा दिले!" मॅडमचा आवाज चिरकला. "माझी नेमणूक वर्षा-वर्षाची आहे हो! पुढच्या महिन्यात प्राचार्यांपुढे कागद जायचाय. त्यांना हे कळलं तर?"

ज्या बाईंना आपण इतके घाबरतो, त्याही कोणालातरी घाबरतात, हे बघून मोजणीदारांना धीर यायला हवा होता. उलट ते जास्तच घाबरले.

शेवटी मॅडमनी चष्मा घातला. "अठरा गुण मी रद्द करतेय. समारंभानंतरच्या सोमवारी नवा निबंध द्या. कोण काय सांगतं, का सांगतं आणि कशाचं साल सांगतं, ते सगळं त्यात आलं पाहिजे. आणि साहेबांना तुम्ही स्वतः सांगायचं!"

साहेबांना! मोजणीदार तीनदा केबिनच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा साहेब फोनवर होते. दुसऱ्यांदा निमंत्रणपत्रिका बघत होते. तिसऱ्यांदा मोकळे होते, आणि म्हणून मोजणीदार परत फिरले.

मग त्यांनी सोपा मार्ग धरला. साहेबांना तोंड देण्यापेक्षा दगडाला तोंड दिलेलं बरं, म्हणून ते पाथरवटाकडे गेले. म्हातारा पाटीवर वाकून छिन्नी चालवत होता. पहिली ओळ खोदून झाली होती, "हा पूल १९२४ साली". दुसऱ्या ओळीची नुसती खडूची खूण होती, "बांधून पूर्ण झाला."

"बाबा, थांबा! ते साल पुसा!"

म्हाताऱ्याने वर पाहिलं. "दगड आहे, दादा. खोडरबर चालत नाही त्याला."

"मग दुसरा दगड घ्या!"

"समारंभ परवा. दुसरा दगड यायला महिना. पुढचं मात्र बदलून देतो, हवं ते सांगा. फक्त कागदावर लिहून द्या आणि खाली सही करा. उद्या कोणी विचारलं तर मी कागद दाखवणार."

मोजणीदार त्या अर्ध्या ओळीकडे बघत राहिले. हा पूल १९२४ साली... यापुढे खरा असा एकच शब्द होता. खोटं लिहावं तर ते दगडात राहणार. खरं लिहावं तर परवा साहेब वाचणार. त्यांनी लिहिलं आणि डोळे मिटून सही केली.

समारंभाच्या दिवशी पुलावर मुंगीला शिरायला वाव नव्हता. नगराध्यक्षा बाई, साहेब, शाळेची मुलं, बँडवाले, सगळे मधल्या कमानीवर दाटीवाटीने उभे. एका कडेला मॅडम, त्यांच्या शेजारी बायको. मोजणीदार ध्वनिक्षेपकापाशी उभे होते. भाषणाचा कागद हातात फडफडत होता. वारा तर अजिबात नव्हता!

बाईंनी दोरी ओढली. पडदा सरसर खाली आला आणि दोन ओळी उघड्या करून खिळ्याला अडकला. बाईंनी हसतमुखाने ध्वनिक्षेपक पुढे घेतला आणि खणखणीत आवाजात वाचलं.

"हा पूल १९२४ साली... कोसळला!"

साल कोणी ऐकलं नाही. ऐकलं ते एवढंच, की नगराध्यक्षा बाई ओरडून सांगतायत, पूल कोसळला! बँडवाल्याच्या हातून ढोल सुटून धडाड्कन आदळला, आणि मग कोणी कोणाला विचारायला थांबलंच नाही. मुलं पळाली, मुलांना हाक मारत मास्तर पळाले, बाई पळाल्या, आणि एक बूट मागे टाकून साहेब सगळ्यांच्या पुढे गेले! दोन मिनिटांत अर्धं गाव या काठावर, अर्धं त्या काठावर. पुलावर उरले मोजणीदार, बायको, मॅडम आणि पाटीवरचा पडदा सोडवणारा पाथरवट. मॅडम राहिल्या त्या धैर्याने नव्हे, त्यांचे पायच उचलले नव्हते.

"बोला!" बायको ओरडली. "भोंगा चालू आहे अजून!"

मोजणीदारांनी ध्वनिक्षेपक धरला. दोन्ही काठांवर शेकडो डोळे होते आणि त्यांतले दोन साहेबांचे होते.

"थांबा! पूल पडलेला नाही! म्हणजे पडला होता, पण तेव्हा! पाटीवर पुढे आहे अजून, 'नेटाने पुन्हा उभारून १९२७ साली खुला झाला'! आणि... आणि यंदा शताब्दी वगैरे काही नाही. १९२४ हे साल मी... मी काढलं. चूक माझी आहे. मॅडमची नाही. पाथरवटाचीही नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पायाभरणी कधी, कमान कधी पडली, शेवटचा दगड कधी बसला, टपालाची पिशवी कधी गेली, आणि कोणती गोष्ट कुठल्या कागदात आहे. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. लोक काठावर उभे राहून ऐकत होते. जागचा कोणी हललं नाही, पण पुलावर पायही कोणी ठेवला नाही.

साहेब तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "फाईल फेकून देणार होतो. पण माझा बूट परत आणून दिलात. पदवीचा कागद आणा, सही करतो. नाही आणलात तर टेप आहेच."

म्हणजे सगळं पुन्हा मॅडमच्या लाल पेनावर येऊन ठेपलं! मोजणीदारांनी नवा निबंध दिला आणि आठ दिवस धड झोपले नाहीत. निकालाच्या दिवशी त्यांनी मॅडमनी दिलेला गुणांचा कागद घरी आणला, बायकोच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"वीसपैकी नऊ," बायको म्हणाली. "पास!"

मोजणीदार मटकन खाली बसले. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. "नऊ? नऊच?"

"लिहिलंय ना. 'मांडणी उत्तम. मात्र निष्कर्ष दगडावर कोरण्याआधी कच्चा मसुदा दाखवायचा असतो.' आणि खाली अजून आहे काहीतरी. 'पुढच्या वर्गाला तुलनेचा सराव व्हावा म्हणून या लेखकाचे दोन्ही निबंध ग्रंथालयात साधन म्हणून ठेवले आहेत.'"

"दोन्ही?" मोजणीदारांचा चेहरा पांढराफटक पडला. "पहिलासुद्धा? नावासकट?"

दुसऱ्या दिवशी ग्रंथालय उघडायच्या आधीच ते दाराशी जाऊन उभे होते. दोन्ही निबंध त्यांनी फळीवरून काढले आणि घरी न्यायला टेबलावर ठेवले. ग्रंथपालांनी शिक्का पाहिला आणि मान हलवली.

"संदर्भ साहित्य आहे हे. बाहेर देता येत नाही. वाचायचंय तर इथेच बसून वाचा."