तहानलेला ओटा

भोकरदनच्या धर्मराज गुरुजींना घर विकायचं होतं आणि गिऱ्हाईक काही केल्या ओट्याच्या पुढं सरकत नव्हतं. तीन जण येऊन गेले. तिघंही ओट्यावर टेकले, उन्हानं डोळे बारीक करून रस्ता पाहिला, पाणी प्यायले आणि "कळवतो" म्हणून जे गेले ते गेलेच. घर काही वाईट नव्हतं हो. चार खोल्या, पक्क्या विटा, मागं न्हाणी, अंगणात कडुनिंब. पण दार पश्चिमेला आणि दारापुढचा ओटा उघडाबोडका. चैत्रात दुपारपासून दिवस मावळेपर्यंत त्याच्यावर खुशाल भाकरी भाजून घ्यावी.

आणि विकणं तर भागच होतं. उषा मागल्या साली मॅट्रिक झाली आणि वर्षभर घरी बसली, कारण कॉलेजसाठी जालन्यात राहायची सोय नव्हती. यंदा गुरुजींची बदलीच जालन्याला झाली होती, तिथं दोन खोल्यांचं एक घरही पाहून ठेवलं होतं. त्याचा मालक एक जूनपर्यंत थांबायला तयार होता, पुढं एक दिवसही नाही. ते घर गेलं की उषाचं आणखी एक वर्ष गेलं. आणि मुलीची दोन वर्षं घरात गेली की नातेवाईक तिसरं वर्ष लग्नाला धरतात, हे गुरुजींना पक्कं ठाऊक होतं. त्या विचारानं त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

गुरुजींच्या दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. सन छप्पनला त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंखेतंही घराबाहेर काढली. अंगारा नाही, ताईत नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. दुसरी गोष्ट, त्या दिवसापासून ते खोटं बोलले नव्हते. उषा सातवीत गणितात नापास झाली, तो पेपर बापानंच तपासला होता. द्वारकाबाई त्यावरून चार दिवस बोलल्या नव्हत्या.

तर ओट्याचा उपाय सांगितला तो द्वारकाबाईंच्या भावानं, कडूबानं. हा बोअर मारायच्या गाडीवर कामाला. दुष्काळाच्या सालात त्यानं एवढी जमीन भोसकली होती की दोन वर्षं झाली तरी कानातली घरघर गेली नव्हती, त्यामुळं बोलायचा जरा मोठ्यानं. त्याचं म्हणणं असं, की गिऱ्हाईक घराला भाव देतच नाही, ओट्याला देतं. आत शिरायच्या आधीच त्याच्या मनात आकडा ठरलेला असतो.

मग ओट्याला काय करावं यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. द्वारकाबाईंना झोपाळा पाहिजे होता. गुरुजी म्हणाले, झोपाळ्यावर बसलेलं गिऱ्हाईक उठतच नाही, चहा मात्र तीन वेळा होतो. उषाला लाकडी जाळी पाहिजे होती, ती खर्चात बसेना. शेवटी लाल सिमेंटचा कोबा आणि वर पत्रे ठरले; नव्या कोब्याला आठ दिवस पाणी मारायचं काम उषाकडं आलं. सिमेंटच्या परवान्यासाठी गुरुजींनी तहसिलीत सहा खेटे घातले. राहिले खांब. चांगलं लाकूड महाग, आणि हलकं लावलं तर वाळवी गिऱ्हाइकाच्या आधी यायची.

"दाजी, माझ्याकडं चार लोखंडी पाइप हायेत," कडूबा म्हणाला. "आष्टीकडं एकाच वावरात चार बोअर मारले व्हते. चारी कोरडे. चौथ्याला नुसती ओल लागली, हात भिजला अन् गेली. मंग पाइप उपसून घेतले. लोखंड एकदम भारी हाय, जमिनीच्या पोटात जाऊन आलेलं."

पाइप आले, चुन्याच्या रंगात न्हाले, उभे राहिले. पत्र्याच्या वर त्यांची तोंडं वीतभर उरली, ती कापायची होती. पण असलं भारी लोखंड कापायला कडूबाचा जीव होईना. पुढच्या मालकाला माळा चढवायचा झाला तर कामाला येईल, म्हणाला. गुरुजींनाही ते पटलं. इथंच घोड्यानं पेंड खाल्ली, पण तेव्हा ते कुणाला दिसलं नाही. ओटा असा देखणा झाला होता की येणारा-जाणारा थांबून बघायचा.

चौथ्या दिवशी दिवेलागणीला गुरुजी ओट्यावर वार्षिक परीक्षेचे पेपर तपासत बसले होते. पश्चिमेकडून वारा सुटला आणि डोक्यावर कुणीतरी कण्हलं.

लांब, खोल आवाज होता. विहिरीच्या तळाशी बसून कुणी हाक मारावी आणि कुणी ओ देऊ नये, असा. तो विरतो न विरतो तोच दुसऱ्या खांबातून त्याच्याहून बारीक आवाज आला. मग तिसऱ्यातून. गुरुजींचा लाल पेन्सिलीचा हात थांबला. त्यांनी उठून खांबाला कान लावला, तर लोखंड आतून थरथरत होतं. तीन खांब दिवसभरच्या उन्हानं तापलेले होते. चौथ्याला कान लावला आणि गुरुजी झटकन मागं झाले. चौथा गार होता.

गुरुजींनी पेपर गोळा केले आणि आत जाऊन दाराला कडी लावली. भिऊन नव्हे, वाऱ्यानं कागद उडत होते. निदान स्वतःला तरी त्यांनी तसंच सांगितलं, आणि स्वतःशी बोललेलं खोट्यात धरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला तशा समोरच्या गोजरबाई आल्या. सत्तरीची म्हातारी, डोळ्यांनी अधू, पण कान पोरींसारखे. खांबांपुढं उभी राहून तिनं सगळं ऐकून घेतलं. घरात द्वारकाबाईंना धडकी, की आता ही गल्लीभर भूत करणार.

"गुरुजी, भूत न्हाई हे," गोजरबाई म्हणाल्या. "ही तहान हाय. जमिनीत पाण्यासाठी एवढालं भोक पाडलं अन् पाणी न्हाई दिलं. ते रिकामं पोट लोखंडाबरोबर इथं आलंय. त्याला पाणी द्या."

आणि तिनं हातातला लोटा चौथ्या खांबाच्या बुडाशी ओतला. कडूबानं खांब दगडं ठोकून उभे केले होते, बुडाशी फट राहिली होती, पाणी त्या फटीतून गेलं. आतून गटगट आवाज आला. कुणीतरी बरेच दिवसांनी प्यावं तसा. तेवढ्यात वारा पडला आणि चारी खांब गप झाले.

झालं. पुढच्या संध्याकाळी सात बाया लोटे घेऊन हजर. गुरुजींमधला मास्तर जागा झाला. त्यांनी सोड्याची रिकामी बाटली आणली, तोंडाशी आडवी धरून फुंकली. बाटली घुमली. मग त्यांनी हवा, पोकळी, कंप असं सगळं समजावून सांगितलं, अगदी चौथीच्या वर्गाला सांगतात तसं. बायांनी पदर सावरून शांतपणे ऐकलं. सगळं ऐकून झाल्यावर गोजरबाईंनी बाटली हातात घेतली, तिच्यात कान घातला आणि कळवळून म्हणाल्या, "अगं बाई, हिलाही तहान लागली." आणि त्यांनी बाटलीतही पाणी ओतलं.

आता रोज दिवेलागणीला ओट्यावर बायांची रांग लागू लागली. बाया पाणी ओतायच्या, खांब गटगट करायचे, वारा पडला की गप व्हायचे. बाजारच्या दिवशी शेजारच्या खेड्यातले लोकही वळून पाहून जाऊ लागले. गिऱ्हाईक तर कुणी फिरकेना. कोण घेणार कण्हणारं घर? गुरुजी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरचा एक एक दिवस जाताना पाहत होते आणि उषा जुनी पुस्तकं झाडून पुन्हा ठेवत होती.

अंधार पडायच्या वेळी गुरुजी आता मागच्या दारानं घरात येत. द्वारकाबाईंनी त्यांना कारण विचारलं नाही, कारण दोन दिवसांपासून त्याही मागच्याच दारानं ये-जा करत होत्या. तिथं दोघांची गाठ पडली की दोघंही हवेबद्दल बोलायचे.

मेच्या मध्यावर कडूबा धावत आला. अण्णासाहेब नावाचे एक मोठे बागाईतदार नातवंडांच्या शाळेसाठी भोकरदनात घर शोधत होते. रविवारी सकाळच्या एसटीनं येणार होते. गुरुजींनी मनात हिशेब केला. सकाळी वारा नसतो. तरी धोका नको. रविवारी पहाटे, गल्ली उठायच्या आत, ते शिडी लावून पत्र्यावर चढले आणि जुन्या धोतराचे चार कोरडे बोळे चारी पाइपांच्या तोंडांत गच्च कोंबले. गिऱ्हाइकानं विचारलं तर खरं सांगायचं, आणि न विचारलं तर आपणहून बोलायचं नाही, एवढी सवलत त्यांनी स्वतःला दिली.

सकाळची एसटी वाटेत बंद पडली. अण्णासाहेब आले ते दिवेलागणीला. पांढरं धोतर, भरघोस मिशा, हातात काठी. कोब्यावर खुर्चीत बसले. कडुनिंब सळसळू लागला, पश्चिमेचा वारा थेट ओट्यावर आला. खांब चिडीचूप. समोरच्या दारात गोजरबाई लोटा धरून उभ्या होत्या आणि त्यांना काही उमगेना. द्वारकाबाईंनी चहा दिला. अण्णासाहेबांनी खोल्या विचारल्या नाहीत, न्हाणी विचारली नाही. ते एकसारखे खांबांकडं पाहत होते.

"गुरुजी," शेवटी ते म्हणाले, "हे आज बोलंनात का?"

गुरुजींनी हातातली बशी खाली ठेवली.

मग सगळं बाहेर आलं. अण्णासाहेब घर बघायला आलेच नव्हते, आवाज ऐकायला आले होते. त्यांच्या रानात अकरा भोकं पाडली होती, अकराही कोरडी. दुष्काळात त्यांच्या दारात बैलांनी टँकरची वाट बघितली होती. जिथं जमीन तोंडानं पाणी मागते तिथं खाली झरा असतोच, असं त्यांना त्यांच्या आजानं सांगितलं होतं. ओटा फोडून तिथं ते विहीर घेणार होते. कडूबानं मागून गुरुजींना डोळ्यानं खुणावलं. एक मान हलवली की सौदा झाला.

दारात उषा उभी होती. गुरुजींनी तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळे खाली घातले. एवढ्या वर्षांत खरं बोलणं इतकं जड कधी गेलं नव्हतं.

"अण्णासाहेब, पाणीबिणी काही न्हाई," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांची शाळेतली भाषा कधी गळून पडली ते त्यांनाही कळलं नाही. "पोकळ पाइप हायेत, वारा घुमतो. सकाळी मीच बोळे कोंबले. थांबा, दाखवतो."

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. गुरुजी शिडीवरून पत्र्यावर चढले. पहिला बोळा उपसला, पापडासारखा कोरडा. खांब कण्हला. दुसरा, तिसरा. खाली अण्णासाहेबांनी काठी बाजूला ठेवून हात जोडले. गुरुजींनी चौथ्या पाइपाला हात घातला.

चौथा बोळा ओला होता.

दमट नव्हे, चिंब. पाणी त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, बर्फासारखं गार. वैशाखातला दिवस, बोळा सकाळी कोरडा कोंबलेला, आणि बायांचं पाणी तर खाली बुडाशी, ते बारा फूट वर कसं चढणार? गुरुजींनी पाइपाच्या तोंडाशी वाकून पाहिलं. आतून भिजल्या मातीचा वास आला. फार खालून कुणीतरी सावकाश श्वास घेतला आणि सोडला. गुरुजींना आठवेना की आपण पत्र्यावर कशासाठी चढलो.

"दाजी, काय झालं?" कडूबा ओरडला.

गुरुजी उतरले. तीन कोरडे बोळे त्यांनी अण्णासाहेबांच्या हातात दिले आणि म्हणाले, बघा, नुसता वारा हाय. अण्णासाहेबांनी बोळे उलटेपालटे केले आणि मिशीतल्या मिशीत हसले. घर विकायला काढलेला माणूस घराची तारीफ करतो, ते म्हणाले. हा गडी नावं ठेवून राह्यला, म्हणजे ह्याला पाणी ठाऊक आहे आणि आता सोडवत नाही. त्यांनी कडूबानं सांगितलेल्या भावाच्या वर भाव चढवला आणि गुरुजी आणखी काही खरं बोलायच्या आत इसार त्यांच्या हातात कोंबला.

"पण खांब चार, बोळे तीन," जाता जाता ते म्हणाले. "चौथा कुठं हाय?"

"वाऱ्यानं उडाला," गुरुजी म्हणाले.

अठरा वर्षांत पहिल्यांदा. द्वारकाबाईंनी चमकून पाहिलं. अण्णासाहेब कडूबाबरोबर स्टँडकडं गेले, आणि ओट्यावर उषा बापाजवळ आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, जालन्याचं घर आता पक्कं होतं. मग तिचं लक्ष गुरुजींच्या सदऱ्याकडं गेलं. खिशातून लाल कोब्यावर थेंब टपकत होते.

"बाबा, खिसा कशानं भिजला?"

"घाम," गुरुजी म्हणाले.

तीस मेला सामानाची गाडी निघाली. गुरुजी समोरच्या दारानं सगळ्यात शेवटी बाहेर आले आणि रस्ता ओलांडून गोजरबाईंकडं गेले. म्हणाले, "मावशी, आम्ही गेल्यावरही लोटा बंद करू नका. नव्या कोब्याला पाणी लागतं."

कोबा घालून तेव्हा दीड महिना झाला होता.