बोरगावकरकाकांची टोपली

बोरगावकरकाका लातूरच्या बाजारात शिरले की ज्वारीपासून चपलेपर्यंत सगळ्याचे भाव विचारायचे आणि काहीच न घेता पुढं जायचे. नवा दुकानदार चिडायचा. जुना म्हणायचा, "बसा काका, चहा घ्या. चहाचा भाव तेवढा विचारू नका."

काका सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झाले होते. बाजारभाव गोळा करणं हीच त्यांची नोकरी. ती संपली, सवय राहिली. माझ्या लग्नात त्यांनी आचाऱ्याला बाजूला घेऊन तूरडाळीचा भाव विचारला होता.

आमच्या शेजारी ते एकटेच राहायचे. त्यांचा डबा गयाबाई करायची. भूकंपात औशाकडचं घर गेलं, तेव्हा ती लेकीला घेऊन शहरात आली आणि क्लासच्या पोरांचे डबे करू लागली.

एकदा दारिद्र्यरेषेच्या यादीत तिचं नाव आलं नाही. ती काकांच्या ओट्यावर येऊन बसली. मी तिथंच पेपर वाचत होतो.

"काका, ही रेघ वढतं तरी कोन?"

काका खुलले. "हे बघ, गरीब माणूस काय खातो, काय नेसतो, त्याची एक टोपली ठरवतात. ज्वारी, डाळ, तेल, कापड. ती भरायला लागतो तेवढा पैसा म्हणजे रेषा. महागाई वाढली की टोपली तीच ठेवायची, भाव नवे लावायचे. रेषा तेवढी वर सरकते."

"म्हंजी मी रेघंच्या वर हाय?"

"थोडीशी."

"बरं झालं. पोरीला सांगते, आपून गरीब न्हाई." ती हसली. मग पदर सावरत म्हणाली, "तिच्या क्लासची फी हाय का वो त्या टोपलीत?"



"टोपली ठरली तेव्हा लातुरात एवढे क्लास नव्हते," काका म्हणाले. "उद्यापासून तिला माझ्याकडं पाठव. गणित मला येतं."

मग रोज संध्याकाळी ओट्यावर गणित सुरू झालं. पोरगी चुकली तरी काका रागवायचे नाहीत. पुन्हा पहिल्यापासून सांगायचे, मध्येच दोघं मिळून चिवडा खायचे. बारावीला तिला लई चांगले मार्क पडले. नांदेडला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. काका स्वतः जाऊन तिला एसटीत बसवून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखा ओटा झाडला, सतरंजी अंथरली आणि बसून राहिले. मी बाहेर आलो तसं विचारलं, "तुझी धाकटी कितवीत आहे रे?"

"पहिलीत, काका."

"पाठवून दे," ते म्हणाले. "पाया लवकर घातलेला बरा."