नऊ कीबोर्ड आणि एक पाहुणा

“शुक्रवारी रॉडरिक पेनहॅलो आपल्याकडे जेवायला येतोय!” सेबॅस्टियनने दारातूनच जाहीर केलं. हातातली भाजीची पिशवी खाली ठेवायचंही त्याला भान नव्हतं.

“कोण? नवीन फादर?” सबीनाने विचारलं.

घ्या! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बायकोला रॉडरिक पेनहॅलो माहीत नाही! सेबॅस्टियनने मग पहिल्यापासून सुरुवात केली. इंग्लंडातल्या खेड्यातल्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवणाऱ्याचा हा मुलगा. कॉलेज सोडून पळाला, रॉक बँड काढला. अंगावर चंदेरी झगा, भोवती नऊ कीबोर्ड आणि एकेक गाणं अर्ध्या तासाचं! एकदा तो झगा फिरत्या स्टेजच्या चाकात अडकला, तर पठ्ठ्या गोल गोल फिरत वाजवतच राहिला! पुढे ड्रमरला तीन मिनिटांची गाणी हवी झाली आणि बँड मोडला. मग बिस्किटांच्या जाहिरातींना संगीत दे, चर्चसाठी गाणी लिही, असं करत गडी म्हातारा झाला. आता इथे ओमानात, मदिनत सुलतान काबूस भागात त्याची मुलगी शाळेत शिकवते, तिच्याकडे आला होता. सुपरमार्केटात खजुरांपाशी सापडला.

“आणि लगेच येतो म्हणाला?”

“वसईची कोंबडी म्हटलं, विरघळलाच!”

वसईत पोरवयात सेबॅस्टियनकडे या माणसाची एकच कॅसेट होती. टेप तुटेपर्यंत ऐकली होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, समोर बसून त्याला ऐकायचं, एवढीच इच्छा उरली होती. बाकी सगळं देवाने दिलं होतं.

पण घरात कीबोर्ड एकच! नऊ कीबोर्डांच्या राजाला एकावर बसवायचं? जेवायला बोलावून नुसतं लोणचं वाढण्यासारखं झालं ते! ऑफिसातला दोस्त रमण, मूळचा कणकवलीचा, गाडी काढून तयारच होता. रुस्ताकच्या बाजारातून दोन जुने कीबोर्ड आणले. श्यामलाबाईंच्या म्युझिक क्लासमधून तीन उचलले. चर्चमध्ये गाणाऱ्या क्वायरवाल्यांनी दोन दिले. नववा शेजारच्या पोराचा, बॅटरीवरचा. बटण दाबलं की त्यात कुत्रं भुंकायचं. असू दे! नऊ म्हणजे नऊ!

शुक्रवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, चर्चमधली मिसा आटपून अख्खा क्वायर सेबॅस्टियनच्या अल् खुवैरच्या फ्लॅटमध्ये जमला. दोन एसी, ओव्हनमध्ये कोंबड्या, आठ कीबोर्ड, चार स्पीकर आणि एका एक्स्टेन्शनला लटकलेलं दुसरं एक्स्टेन्शन.

“सेबी, ह्यो लोड झेपाचो नाय हां,” रमण म्हणाला.

“शुभ बोल रे!”

रॉडरिक आला. झगा नाही, साधा शर्ट आणि सँडल. पण कीबोर्डांची ती रांग बघितली आणि म्हातारा लहान पोरासारखा हसला. “जेवण नंतर,” तो म्हणाला, “आधी वाजवतो!”

सेबॅस्टियनने बटण दाबलं.

फट्!

मजल्यावरची लाइट गेली! एसी बंद, पंखे बंद, बाहेर ओमानचं ऊन. मेन स्विच खाली मीटररूममध्ये, मीटररूमला कुलूप, किल्ली वॉचमन बदरुद्दीनकडे आणि बदरुद्दीन शुक्रवारच्या नमाजाला! आता बोला!

“कुणी त्यांना जाऊ देऊ नका! मी हा आलो!” सेबॅस्टियन धावत सुटला.

मशीद सुटलेली, बदरुद्दीन मात्र गायब. शेवटी पलीकडच्या हॉटेलात चहा फुंकताना सापडला.

“सेबॅस्टियनभाई, चाय तो पीने दो!”

“चहा खलास! यल्ला, चल!” म्हणत सेबॅस्टियनने त्याला दंडाला धरूनच आणला.

मीटररूममध्ये स्विचच स्विच आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या कधीच्याच उडालेल्या. सेबॅस्टियन एकेक स्विच वर-खाली करायचा आणि मुलाला, ब्रेंडनला, फोन लावायचा, “आली का?”

“नाही, पप्पा.”

दुसरा स्विच. “आता?”

“नाही, पप्पा!”

पाचव्या स्विचने लिफ्टच बंद पडली. वरून कोणीतरी मल्याळममध्ये ओरडू लागलं. सेबॅस्टियन हटला नाही. शेवटी एकदाची लाइट आली! तो जिने चढत, घामाने निथळत दारात पोचला.

आत सगळे उभे राहून टाळ्या पिटत होते. सबीना पदराने डोळे पुसत होती. मधोमध खुर्चीवर रॉडरिक, मांडीवर तो बॅटरीवाला कीबोर्ड!

“काय वाजवल्यान रे, सेबी!” रमण ओरडला. “कुत्र्याच्या भुंकण्यावरसुद्धा ताल धरल्यान! असा जन्मात ऐकूक नाय!”

सेबॅस्टियन खुर्चीपाशी गेला. “सर... आणखी एकदा?”

रॉडरिकने सुजलेली बोटं चोळली. “मित्रा, आता ही दिवसातून एकदाच ऐकतात माझं. आणि उद्या पहाटे माझं विमान आहे.”

पाहुणा कोंबडीवर आडवा हात मारून गेला. सेबॅस्टियन ताटातली कोंबडी नुसती चिवडत बसला. तेवढ्यात ब्रेंडन म्हणाला, “पप्पा, डोन्ट वरी. मी रेकॉर्ड केला ना!”

सेबॅस्टियनने पोराला कडकडून मिठी मारली. मोबाईल घेतला. पडद्यावर रॉडरिकने हात उचलला, बोटं खाली आली आणि व्हिडिओ संपला.

“पुढचं?”

“तुमचा फोन आला. मी परत स्टार्ट केला. परत तुमचा फोन आला.”

सेबॅस्टियनने एकूण एक तुकडा पाहिला. प्रत्येकात हात वर जात होता, बोटं खाली येत होती, खलास! शेवटच्या तुकड्यात मात्र रॉडरिक थांबून स्पष्ट विचारत होता, “हा सारखा सारखा फोन कोण करतोय?”

आणि सबीनाचा गोड आवाज येत होता, “कुणी नाही, सर. तो लाइटवाला. तुम्ही वाजवा!”