नवऱ्याने भरलेलं दाट ऑइल

बायकोच्या ड्रायव्हिंगच्या परीक्षेसाठी नवऱ्याने आदल्या संध्याकाळी मोठ्या हौसेने गाडीचं ऑइल बदललं, तेही दुकानातलं सगळ्यात दाट. बिचारी आधी दोनदा नापास झालेली, आणि फिरत्या नर्सची नवी नोकरी लायसन्सवाचून अडलेली. मग इंजिनाचे थोडे लाड नकोत?

रात्रीत कडाक्याची थंडी पडली. सकाळी त्याने किल्ली फिरवली, तर इंजिन नुसतं कण्हलं. पण पठ्ठ्या हार मानतोय थोडाच! पुन्हा पुन्हा किल्ली फिरवून त्याने बॅटरीही उतरवली.

"ऑइल कुठलं घातलंत?" बायकोने विचारलं.

"सगळ्यात दाट! तुझ्यासाठी म्हणून..."

"अहो, गारठ्यात त्याची खळ झाली असेल! इंजिन फिरणार कसं? थंडीत पातळच हवं, चटकन सगळीकडे पोचतं." ती चिडली नाही, हेच त्याला जास्त लागलं. "व्हा बाजूला. मी बसते, तुम्ही ढकला."

शेजारच्या सीटवर त्याचे वडील केव्हाचे पट्टा लावून बसले होते.

"बाबा, उतरा की जरा!"

"मी कसा उतरू? शिकणाऱ्याशेजारी लायसन्सवाला लागतो. ढकल तू, ढकल!"

त्याने एकट्याने, दातओठ खात, गाडी उतारापर्यंत रेटली. बायकोने दुसरा गिअर टाकला, वेग येऊ दिला, मग क्लच सोडला, आणि इंजिन खोकत खोकत सुरू झालं. काय तो हात! त्याचा ऊर भरून आला. तो टाळ्या वाजवतोय तोवर गाडी वळणाआड गेलीसुद्धा. थांबून परत बंद पडली असती तर?

धापा टाकत तो परीक्षेच्या मैदानावर पोचला. पाहतो तर काय, त्यांची गाडी कडेला घरघरतेय, आत बाबा पहाऱ्याला. बायको भलत्याच गाडीच्या स्टिअरिंगवर, आणि खुद्द परीक्षकसाहेब ती गाडी मागून ढकलतायत!

"अहो, बघताय काय? हात लावा!" साहेब खेकसले. "सकाळपासून माझी गाडी हूं की चूं करत नाहीये. बाई म्हणाल्या, मी बघते."

दोघांनी खांदा लावला. गाडीने आचका दिला आणि सुरू झाली.

"लगेच बंद करून चालणार नाही हं, साहेब! बॅटरी भरेपर्यंत जरा फिरवून आणते!" असं ओरडून बायको फाटकाबाहेर पडली.

नवऱ्याने भीतभीत विचारलं, "साहेब, ही पास होईल ना हो?"

साहेब गुडघ्यांवर हात टेकून दम खात होते. "त्या कधीच पास झाल्या हो! माझी गाडी परत कधी देणार, तेवढं विचारा."