उशीची मोजणी

काकूंचा उजवा हात मनगटात मोडला तो काकांच्या टेपमुळे, याबद्दल घरात दुमत नव्हतं. काका जमीन मोजणीच्या नोकरीतून निवृत्त होऊन आठ महिने झाले होते आणि मोजायला जमीन उरली नव्हती, म्हणून ते घर मोजत होते. त्या सकाळी त्यांनी पॅसेजमध्ये टेप पसरली, आकडा लिहायला वही आणायला आत गेले, आणि नेमक्या त्याच वेळी काकू धुण्याची बादली घेऊन तिथून निघाल्या. पॅसेज चार मीटर बावीस सेंटीमीटर भरला. प्लास्टर सहा आठवड्यांचं पडलं.

बिल्डिंगमध्ये काकांना सगळे टेपकाका म्हणत, ते कौतुकानंच म्हणतात असा काकांचा समज होता. पण या प्रकारानंतर ते मनातून पार खचले. आठ महिने घरात आपला काही उपयोग नाही हे त्यांना जाणवत होतंच, आता तर आपण घरात असणं धोक्याचं आहे असंही सिद्ध झालं होतं. काहीतरी करून दाखवल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

संधी दुसऱ्याच दिवशी आली. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हात उशीवर उंच ठेवा, बोटं सुजू देऊ नका. उशीचा अभ्रा फाटून कापूस बाहेर डोकावत होता आणि नव्या अभ्र्यासाठी काढलेली जुनी चादर काकूंच्या शिलाई मशीनवर घडी करून पडली होती. काकू म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या शिंपी मास्तरांकडे टाकून या. काकांनी मशीनकडे पाहिलं. मशीन पायानं चालवायचं होतं, तीस वर्षं खिडकीपाशी होतं आणि काकांनी त्याला आजवर हातही लावला नव्हता.

"मास्तर कशाला? मी शिवतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"चार सरळ रेघा तर आहेत. मी गावंच्या गावं मोजलीत."

काकू समजावायला गेल्या की कापताना जरा सोडून कापा. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. सगळं सांग, पण मोजणी मला शिकवू नकोस, म्हणाले. काकू गप्प बसल्या. तीस वर्षांच्या संसारात कधी गप्प बसायचं हे त्यांना नेमकं कळत होतं.

सुईत दोरा ओवायला काकांना पाऊण तास लागला. पॅडल मारलं की चाक उलटं फिरे आणि दोरा तुटे. काकू खुर्चीत बसून सूचना देत होत्या, "आधी चाक हातानं फिरवा, मग पाय. भांडल्यासारखे पाय आपटू नका." दुपारपर्यंत चार बाजूंपैकी तीन शिवून झाल्या. शिवण नागमोडी होती, पण कापड चोख कापलं होतं. उशी पासष्ट बाय बेचाळीस, कापडाचे दोन्ही तुकडे पासष्ट बाय बेचाळीस. एक मिलीमीटर इकडेतिकडे नाही.

उशी आत जाईना. काकांनी ती दाबली, वळवली, गुडघ्यानं रेटली. तेव्हा एका कोपऱ्याची शिवण उसवली, पण उशी बाहेरच राहिली. काकांनी उशी पुन्हा मोजली. बरोबर. अभ्र्याचं कापड किती कापलं ते वहीत पाहिलं. तेही बरोबर. आता चौतीस वर्षांच्या नोकरीत एक गोष्ट काकांच्या अंगात मुरली होती, ती म्हणजे नकाशा आणि जमीन जुळत नसेल तर जमिनीवर कोणीतरी लबाडी केलेली असते. तेव्हा त्यांनी उशीची खोळ उसवली, तिसरा हिस्सा कापूस काढला, खोळीच्या कडा आत दुमडून टाके घातले आणि उशी अभ्र्यात बसवली. छान बसली.

पण काढलेल्या कापसाचा ढीग टेबलावर होता आणि वर पंखा चालू होता. कापूस घरभर पसरला. तो गोळा करून काकांनी दुसरी खोळ बेतली, ढिगाची लांबी, रुंदी, उंची घेऊन अगदी मापात. ती शिवल्यावर निम्माच कापूस आत गेला. उरलेल्यासाठी तिसरी, तिच्यातून उरला त्यासाठी चौथी. शेवटची, पाचवी उशी साबणाच्या वडीएवढी झाली, तेव्हा कुठे कापूस संपला.

"एकीच्या पाच केल्यात," काकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा गंभीर होता, पण प्लास्टरमधला हात हसण्यानं हलत होता.

दुसऱ्या दिवशी काका मास्तरांकडे गेले आणि ओळखीच्या एका गृहस्थांची अडचण म्हणून सगळी हकिकत सांगितली. मास्तरांनी काकांच्या शर्टाला चिकटलेला कापूस शांतपणे टिपला.

"त्या गृहस्थांनी माया किती ठेवली होती?"

"माया म्हणजे?"

मास्तरांनी एक शिवलेला शर्ट उलटा करून दाखवला. प्रत्येक शिवणीच्या आत बोटभर कापड दडलेलं होतं. बाहेरून दिसत नव्हतं, पण तेवढं जादा ठेवल्याशिवाय शिवण बसूच शकत नव्हती. "आणि उशीला जाडीही असते हो," मास्तर म्हणाले. "सांगा त्या गृहस्थांना." काका बराच वेळ तो शर्ट चाचपत उभे राहिले. जन्मभर त्यांनी आखलेल्या हद्दीला रुंदी नव्हती. दोन शेतांमध्ये बोटभर जागा जादा सोडली असती तर कोर्टात उभं राहावं लागलं असतं.

घरी येऊन त्यांनी उरलेली चादर पसरली आणि या वेळी चारही बाजूंनी सोडून कापली. पॅडल हलकेच दाबलं. मशीन एका लयीत चालायला लागलं, कापड सुईखालून आपसूक सरकत गेलं आणि शिवण टोकापर्यंत सरळ आली. काकांना अतोनात आनंद झाला. निवृत्त झाल्यापासून एवढा आनंद त्यांना कशानंच झाला नव्हता. त्यांनी कापड काकूंपुढे धरलं.

"सोडून कापलं," ते म्हणाले.

"पहिल्याच दिवशी सांगत होते."

"मग पुन्हा का नाही सांगितलंस?"

"तुमची मोजणी चालली होती ना."

त्या दिवसापासून काका सकाळचा चहा घेऊन मशीनवर बसायला लागले. टेबलाचं कव्हर झालं, पिशव्या झाल्या, टेपलासुद्धा एक खोळ झाली. पाच उशांचाही उपयोग काकूंनी शोधला. मोठी सगळ्यांत खाली, तिच्यावर त्यापेक्षा लहान, अशा उतरत्या मापानं एकीवर एक रचल्या आणि साबणाच्या वडीएवढी सगळ्यांत वर, बोटांखाली सरकवली. हात असा काही अलगद बसला की आठवड्यात सूज उतरली. तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे कुठून आणलं? काकूंनी काकांकडे बोट दाखवलं. बाईंनी दवाखान्यासाठी तसेच आणखी चार संच शिवून द्याल का, असं विचारलं. काकांनी तिथल्या तिथे वही काढून 'चार संच' असं लिहून घेतलं.

आता मात्र त्यांच्या मागे नवीनच काळजी लागली. प्लास्टर निघायला अठरा दिवस होते. प्लास्टर निघालं की काकू मशीनवर बसणार आणि आपण पुन्हा पॅसेज मोजत हिंडणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. रोज एक दिवस कमी होत होता. शेवटी पुढच्या तपासणीला न राहवून, काकू बाहेर गेल्यावर त्यांनी डॉक्टरीणबाईंना हळूच विचारलं, "प्लास्टर आणखी पंधरा दिवस ठेवलं तर हाडाला काही अपाय नाही ना?" बाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी लगेच पिशवी उचलली.

प्लास्टर ठरल्या दिवशीच निघालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की महिनाभर जपून, मग खुशाल शिवा. घरी आल्यावर काकांनी मशीन पुसलं, तेल घातलं, स्टूल काकूंच्या उंचीला परत लावलं आणि चौथा संच अर्धवट होता तो बाजूला ठेवला.

"तुझं तुला परत," ते म्हणाले.

काकूंनी मनगट फिरवून पाहिलं, मग मशीनकडे पाहिलं. "एक सांगू? मला शिवण कधीच आवडलं नाही."

"काय? तीस वर्षं शिवत होतीस ना?"

"दुसरं कोण शिवणार होतं? तुम्ही गावोगाव हिंडून यायचात आणि तिथल्या नद्या, टेकड्या सांगत बसायचात. मी इथे बसून पडदे शिवत ऐकायची. मला हिंडावंसं वाटायचं."

काकांना फार वाईट वाटलं. त्याच वेळी फार बरंही वाटलं, आणि त्याचंही त्यांना वाईट वाटलं. उठून त्यांनी कपाटातली आपली कॅनव्हासची टोपी काढली, झटकली आणि काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती घातली, आरशात पाहिलं आणि चपला शोधायला लागल्या.

त्या जिन्यापर्यंत पोचल्या तोवर मशीन सुरू झालं होतं. मग ते मध्येच थांबलं.

"अगं, येताना पांढरं रीळ आण."

"आणते हं," काकू खालून म्हणाल्या. गेली तीस वर्षं काकूंनी रीळ मागितलं की काका जिन्यातून असंच म्हणत आणि रिकाम्या हातानं परत येत.

दोन तासांनी त्या परतल्या. चपला धुळीनं माखल्या होत्या, टोपी मागे सरकली होती आणि पुलापलीकडची टेकडी कशी आहे हे सांगायची त्यांना विलक्षण घाई झाली होती. रीळ अर्थातच विसरल्या होत्या.