भाऊजींची कंबर कुठे गेली?

मी खासगी गुप्तहेर आहे. इतका गुप्त, की अजून एकाही गिऱ्हाइकाला माझा पत्ता लागलेला नाही. नजर घारीची, कान सशाचे, डोकं मात्र स्वतःचंच. त्यामुळे ताईनं सकाळी फोनवर "अरे, हे जग सोडून चाललेत म्हणतात, जरा येऊन जा" म्हटल्याबरोबर मी भिंग घेऊन निघालो.

भाऊजी शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. मशीन बंद, भाऊजी कापडाच्या ढिगावर आडवे आणि छातीवर मोबाइल.

"महिन्यात कंबर छत्तिसाची चौतीस झाली," ते क्षीण आवाजात म्हणाले. "गळा इंचभर गेला. रोज मोजतो. इंटरनेटवर याची सत्तावीस कारणं दिलीत. त्यातली सव्वीस मला आहेत."

"आणि सत्ताविसावं?"

"ते फक्त बायकांना होतं."

दुकान विकण्याची जाहिरातही त्यांनी लिहून ठेवली होती. मी मोबाइल ताब्यात घेतला. यादीतलं पहिलंच कारण होतं जंगलातला ताप.

"अलीकडे जंगलात गेला होतात?"

"बाजाराच्या पलीकडे गेलो नाही."

"म्हणजे जंगलच तुमच्याकडे आलं!"

तेवढ्यात पोस्टमन नवा शर्ट घेऊन तणतणत आला. "माप देऊन शिवलाय ना? एक बटण लागेल तर शपथ!"

"या महिन्यातलं हे पाचवं गिऱ्हाईक," ताई म्हणाली.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "भाऊजी बारीक होतायत, गिऱ्हाइकं जाड होतायत! माप घेताना चरबी इकडून तिकडे जाते!"

पोस्टमन दोन पावलं मागे सरकला. मी हे इंटरनेटवर टाकून पाहिलं, तर सतरा लाख उत्तरं आली. आता शंकेला जागाच नव्हती.

"पण यांची पँटही घट्ट झालीय," ताई म्हणाली.

"आटली असेल," मी म्हणालो.

ताईनं खुंटीवरची टेप काढली. टेपच्या टोकाला लोखंडी कात्री लोंबत होती. कात्री हरवू नये म्हणून ही युक्ती भाऊजींनीच महिन्यापूर्वी काढलेली. ताईनं टेप लाकडी पट्टीशेजारी ठेवली. पट्टी चोवीस म्हणत होती, टेप बावीस.

"कात्रीच्या वजनानं ताणलीय. माप हिनं घेता, कापड पट्टीनं आखता. कपडे घट्ट होणार नाहीत तर काय?"

तिनं खणातून नवी टेप काढून त्यांची कंबर मोजली. सदतीस भरली.

"दर दोन तासांनी खा, असं लिहिलं होतं," भाऊजी पुटपुटले. मग एकदम उठून त्यांनी जाहिरात टराटरा फाडली.

"आधी यांचा शर्ट उसवा," असं म्हणून ताई आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली तेव्हा डोळे लालबुंद.

"कांदा चिरत होतीस," मी तत्काळ ताडलं.

"हो रे, कांदाच," ती म्हणाली.

गेला महिनाभर जेव्हा जेव्हा आलो, तेव्हा तिचे डोळे असेच होते. केवढा कांदा लागतो या घराला!