परदेशी लॅपटॉपचा गूढ उपवास

"मेहुणे, लिहून घ्या. माणसाच्या चपलेवर एक नजर टाकली की त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळतं. असा डोळा शंभर वर्षांत एकदाच जन्माला येतो."

भाऊजींचं हे वाक्य मेहुण्याने निमूटपणे वहीत लिहिलं. आदल्याच दिवशी हा डोळा दुसऱ्याच्या चपला घालून घरी आला होता, ते मात्र लिहिलं नाही. शेवटी बहिणीचा नवरा. नाराज झाला तर रोजच्या दुपारच्या चहाचं काय करायचं?

भाऊजी मुळात वीज कंपनीतले मीटर रीडर. चौतीस वर्षं लोकांच्या जिन्यांखाली वाकून आकडे टिपले, त्यात कंबर गेली. निवृत्त होताना ते दोनच गोष्टी घरी घेऊन आले, एक टॉर्च आणि एक सवय. खोलीतून बाहेर पडताना दिसेल ते बटण बंद करायचं. वरची बटणं हाताने, आणि वाकवत नाही म्हणून खालची पायाच्या अंगठ्याने. सवयीचा घरच्यांना त्रास नव्हता. टॉर्चचा होता, कारण त्या टॉर्चमुळेच त्यांना आपण गुप्तहेर आहोत असा साक्षात्कार झाला.

आजची केस घरचीच होती. भाऊजींची मुलगी, म्हणजे मेहुण्याची भाची, सात वर्षं परदेशात इमारतींचे नकाशे काढून चार दिवसांपूर्वी परतली होती. इथल्या एका ऑफिसने तिच्याकडून एका वाचनालयाचा नकाशा मागितला होता. तो आज बाराच्या आत पाठवला तर नोकरी पक्की, नाहीतर रविवारचं परतीचं विमान. नकाशा होता तिकडे घेतलेल्या लॅपटॉपमध्ये, लॅपटॉपमध्ये उरली होती चौदा टक्के बॅटरी, आणि घड्याळात वाजले होते साडेदहा.

"पहिल्या दिवशी आईने त्या कोपऱ्यात लावून दिला, मस्त चार्ज झाला," भाची म्हणाली. "पिन तिथून हललीसुद्धा नाही. आणि परवापासून एक टक्का चढेल तर शपथ! मी स्वयंपाकघरात लावून बघते."

"खबरदार! पुरावा जागचा हलवायचा नाही." भाऊजींनी भरदिवसा टॉर्च पेटवला. "तिकडचा करंट किती?"

"एकशे दहा."

"आणि इथला दोनशे तीस! दोन घास खाणाऱ्याला तुम्ही पाच घास कोंबलेत. पहिल्या दिवशी लाजेकाजेस्तव खाल्लं त्याने. आता अजीर्ण झालंय."

मेहुण्याने अडॅप्टर उलटा करून डोळ्यांशी धरला. "भाऊजी, इथे लिहिलंय, शंभर ते दोनशे चाळीस. म्हणजे दोन्हीकडे चालतो हा."

"अक्षरं केवढी आहेत?"

"मुंगीएवढी."

"खरं बोलणारा माणूस मुंगीएवढ्या अक्षरांत बोलतो का?"

भाऊजी तरातरा निघाले आणि रेडिओ दुरुस्तीवाल्या मित्राकडून व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मागून आणला. म्हणजे मागितला भाऊजींनी, आणला मेहुण्याने. लोखंडी पेटी, वजन एखाद्या बोकडाएवढं. ती प्लगला लावली. दिवा लागला नाही, गुणगुण नाही.

"हाही गेला," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "मेहुणे, दुसरा बळी."

खात्री करायला त्यांनी स्वयंपाकघरातला टेबलफॅन उचलून आणला. पेटी काढून त्याच प्लगला पंखा लावला. पातं ढिम्म हललं नाही.

"तिसरा! लिहा, खुनांची मालिका. तिच्या तिकडच्या साहेबाला ती परत हवी आहे. त्याने या यंत्रात काहीतरी पेरून पाठवलंय, आणि ते आता घरभर पसरतंय. उद्या फ्रिज जाईल, परवा गीझर!"

"बाबा, पुरे हो!" भाचीचा आवाज एकदम फुटला. "चार टक्के उरलेत. शेवटचा मजला काढायचा राहिलाय. मला नाही परत जायचं. तिथल्या त्या खोलीत मला एकटीला जेवण जात नाही."

भाऊजींनी टॉर्च विझवला.

तेवढ्यात ताई, म्हणजे भाचीची आई, आत आली. "माझा पंखा कुणी पळवला? तिकडे घामाने जीव चाललाय." तिने प्लगकडे पाहिलं, पायाने ट्रान्सफॉर्मर बाजूला सारला आणि वाकून बटण दाबलं.

पंखा भणाणला. मेहुण्याच्या वहीतले सुटे कागद, सगळ्या सिद्धांतांसकट, खोलीभर उडाले. ताईने पंखा काढून अडॅप्टर लावला. लॅपटॉप टुंग करून जिवंत झाला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ताई म्हणाली. "अगं, बटण बंद होतं."

"प्लगला बटण?" भाची बघतच राहिली. "तिकडे पिन खुपसली की झालं. सात वर्षांत प्लगचं बटण बघितलंच नाही मी. पण चालू होतं ना ते? बंद कुणी केलं?"

ताईची नजर खाली गेली, भाचीची गेली, मग मेहुण्याचीही गेली. भाऊजींनी उजव्या पायाचा अंगठा हळूच डाव्या पायामागे लपवला.

बाराला सात मिनिटं असताना नकाशा गेला. चार वाजता फोन आला, सोमवारपासून या. भाची आधी आईच्या गळ्यात पडली, मग बाबांच्या, आणि बाबांना नाक शिंकरायला रुमाल सापडेना.

चहाला सगळे बाहेर निघाले. लॅपटॉप दाराशेजारच्या त्याच कोपऱ्यात चार्ज होत होता. दाराशी येताच भाऊजींचा पाय आपसूक उचलला गेला, अंगठा बटणापाशी पोचला आणि तिथेच थांबला. मग पाय जमिनीवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते एक बटण चालू ठेवून खोलीबाहेर पडले.

"मेहुणे, लिहा," ते खाकरून म्हणाले. "आरोपी सापडला. पण घरच्यांनी तक्रार मागे घेतली."